झडप

एलेउतेरिओ वेन्चुमान, वय एकाहत्तर,
धंदा: सरपण विकणे.
फॉर्मवर त्यांच्या मुलीनं एवढंच लिहिलं
आणि पेन माझ्याच खिशात परत खोचलं.

वाल्दिव्हियात जुलै म्हणजे धूर.
घराघरांत लोखंडी चूल, ओली लाकडं,
आणि आमच्या वॉर्डात
खाटेखाटेवर त्या धुराचं थकलेलं बिल.

न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना.
एक्स-रेवर फुफ्फुसं म्हणजे
पहाटेच्या नदीचा न दिसणारा पलीकडचा काठ.
मास्कमधून मिनिटाला पंधरा लिटर
आणि तरी बोटावरचा आकडा सत्त्याऐंशी.
अँटिबायोटिक सुरू होऊन सहा तास झाले होते.
जंतू मरत होते म्हणे.
माणूसही.

डॉक्टर इतुर्राबाई खिडकीशी उभ्या राहिल्या.
त्या हळू बोलतात, स्वतःशीच वाद घालावा तशा.
"जंतूंचं बघतोय आपण. पण आता
कुंपणच शेत खायला लागलंय."
मग म्हणाल्या, "फ्लूचा रिपोर्ट येऊ दे आधी."

त्या का थांबल्या ते मला ठाऊक होतं.
मागच्या हिवाळ्यात सहा नंबरला
मिरेया होती, शाळेत भूगोल शिकवायची.
घाईत स्टिरॉइड दिलं. मागाहून कळलं, फ्लू.
ती गेली.
औषधानं गेली असं कुणी म्हणत नाही,
नाही गेली असंही.
तिच्या उशाशी अर्धं सफरचंद होतं.
ते मी टाकलं.

रिपोर्ट रात्री नऊला आला. निगेटिव्ह.
हायड्रोकॉर्टिसोन, चोवीस तासांत दोनशे मिलिग्रॅम,
थेंब थेंब.
मुलीनं विचारलं, "हे जंतूंना मारतं?"
नाही म्हटलं.
"मग?"
शरीरच पेटलंय, म्हटलं, त्याला जरा...
पुढचा शब्द सापडेना.
मास्कआडून म्हातारा खरखरला: "झडप."

चूल भडकली, नळी लाल व्हायला लागली,
तर पाणी ओततं का कुणी?
लोखंड तडकेल.
झडप ओढायची. हवा कमी.
आग राहते, घर राहतं.
एवढं बोलायला त्याला चार मिनिटं लागली
आणि बोटावरचे दोन आकडे.

मध्यरात्री साखर दोनशे नव्वद.
कधी नव्हती त्याला.
इन्सुलिन टोचलं, वहीत लिहिलं.
तीनला बघते तर टक्क जागा, डोळे चकाकतायत,
छताला सरपण विकतोय:
"उलमो घ्या, उलमो! खडखडीत वाळलेलं!"
मला रोसाल्बा म्हणाला,
आणि माझ्याकडे एका गाडीचे पैसे बाकी आहेत म्हणाला,
एकोणनव्वद सालचे.
रोग परवडला पण औषध नको म्हणतात, ते हेच असावं.
मी पैसे दिले, हवेतले.
त्यानं ते मोजून घेतले. दोनदा.

शेजारच्या दोन्या ओतिलिया
नाकात दोन लिटरची नळी घालून सगळं ऐकत होत्या.
सकाळी राउंडला म्हणाल्या, मलाही ती झडप द्या.
इतुर्राबाई म्हणाल्या, "तुमची चूल मंद आहे.
ओढली तर विझायचीच."
दोन्या ओतिलियांना ते फार लागलं.
दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.
मंद म्हणे.

चौथ्या पहाटे मास्क निघाला.
आकडा त्र्याण्णव, नळी साधी.
कशानं वाचला ते मला विचारू नका,
त्या रात्री त्याच्यात बरंच काही थेंबथेंब जात होतं.
पाव मागितला त्यानं, वर मध.
साखर दोनशे अकरा, मी नाही म्हटलं.
त्यानं मापुचे भाषेत काहीतरी हासडलं.
मुलगी हसली. अर्थ काही सांगेना.

सातला सुटले.
मासळीबाजाराच्या धक्क्यावर समुद्रसिंह
खोकल्यासारखे भुंकत होते, धडधाकट, लठ्ठ.
पलीकडच्या छपरावरून पिवळट धूर
उठायचं सोडून पत्र्यावर लोळत होता.
ओलं लाकूड.
कुणीतरी त्या घरी सांगायला हवं होतं,
आणि सांगणारा वर तिसऱ्या मजल्यावर
मधासाठी रुसून बसला होता.